रुग्णाची हरकत आहे

आईचा राग मी एकतीस वर्षं गाळून दिला. चोथा माझ्याकडे ठेवला आणि खालचं गोड पाणी ऑफिसातल्या लोकांना पाजलं.

पहिल्यांदा गाळला तेव्हा मी सहा वर्षांची होते. आमच्या घरची वीज चुकून तोडली होती आणि वीज ऑफिसातल्या खिडकीमागचा माणूस आमच्याकडे बघायलाही तयार नव्हता. आई बहिरी, बाबाही बहिरे, दोघांचं सगळं बोलणं हातांनी. आणि त्यांच्या पोटी मी, जन्मल्यापासून तोंडाचा पट्टा चालू. आईने हातांनी सांगितलं, "या थोबाडाला विचार, मघापासून दात कोरतोय, आमची वीज काय दातात अडकलीय?" मी टाचा उंचावून, काउंटरला नाक टेकवून म्हटलं, "काका, आई म्हणते, प्लीज जरा लवकर कराल का?" काका हसले. केवढी गुणाची पोर म्हणाले, आणि संध्याकाळी घरात दिवे आले. आईला वाटलं तिच्या दमदाटीने आले. मला वाटलं माझ्या प्लीजने आले. हा घोळ तेव्हापासूनचा.

आई शिवणकाम करते. सगळा भाग तिला मास्तरीण म्हणतो. शाळेचे गणवेश, कोट, वकिलांचे काळे झगे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही. दुकानाच्या मधोमध सहा फुटी कापायचं टेबल, त्याची फळी इतकी जाड की चार माणसांनी उचललं तरच हलेल. टेबलाच्या एका टोकाला आईची कात्री, दुसऱ्या टोकाला बाबांची इस्त्री. हात कामात आणि नजर कापडावर, मग बोलायचं कसं? तर दोघं टेबल वाजवायचे. आवाज ऐकायला नाही, फळीतून तळहाताला हादरा पोचतो म्हणून. एक टकटक म्हणजे थांब. दोन म्हणजे चालू दे. तीन म्हणजे हात धू, जेवायला चल. आणि मुठीने धपकन् एक म्हणजे गिऱ्हाईक आलंय, तोंड सरळ कर.

मी पुढे बसमध्ये कंडक्टर झाले. पहिल्या दिवशी डेपोत साहेब शिकवायला लागले, की घंटेची दोरी एकदा ओढली की गाडी थांबते आणि दोनदा ओढली की सुटते. मी म्हटलं, साहेब, पुढचं सांगा, हे मला पाळण्यात असल्यापासून येतं.

आईशी भांडायची मात्र सोय नाही. तिला भांडण संपवायचं असलं की ती डोळे मिटून घेते. संपलं. मिटलेल्या डोळ्यांना तुम्ही काय सांगणार? मी तेरा-चौदा वर्षांची असताना तिच्यासमोर थयथयाट करून हात दुखवून घ्यायचे आणि ती आपली डोळे मिटून, ओठ दाबून, ध्यानाला बसल्यासारखी. बाबा टेबलावर दोनदा टकटक करायचे तेव्हा कुठे उघडायची. बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली. इस्त्री अजून त्यांच्याच टोकाला आहे. तिला हात लावलेला आईला खपत नाही.

तर या बाईचे डोळे बिघडले.

आधी कळलंच नाही. मी बाजूला उभी राहून हातवारे करायचे आणि ती बघायचीच नाही. मला वाटायचं मुद्दाम करते, कारण तसं करण्यात तिचा हातखंडा आहे. मग ती टेबलाच्या कोपऱ्यावर आपटायला लागली. मांडीला निळे डाग. एकदा माझ्याच पायावर कात्री पडली, कारण मी कडेला उभी आहे हे तिला दिसलंच नाही. सरकारी डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं तर म्हणाले, काचबिंदू. नजर कडेकडेने आत आत मिटत येते. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्यात अर्धी नजर शिल्लक. जी गेली ती परत येणार नाही. उजव्याचं ऑपरेशन लवकर केलं तर आहे ती टिकेल.

तुमच्याआमच्या घरात कुणाचा डोळा गेला तर वाईटच, पण रेडिओ उरतो, फोन उरतो, हाका उरतात. आईकडे डोळे म्हणजेच कान, आणि डोळे म्हणजेच माझ्याशी बोलणं. तो एक उजवा डोळा गेला असता तर ती जिवंत असून आमच्यातून गेली असती. मी हे तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही. मला भीती वाटायची.

ऑपरेशनआधी तपासण्या होत्या, त्यांची तारीख मिळाली. मी रजा काढते म्हटलं तर आईने हात झटकला. "मी काय कुकुलं बाळ आहे? वाचता येतं मला. बस कळते, दार कळतं. तू तुझी तिकिटं फाड." सकाळी सातला ती हॉस्पिटलात जाऊन बाकावर बसली. दुपारी एकपर्यंत बसली. तिथली पद्धत अशी, की शिपाई दारात उभा राहतो, नाव पुकारतो, तीनदा पुकारूनही कुणी उठलं नाही तर कागदावर शिक्का मारतो. गैरहजर. आई त्याच्यापासून आठ हातांवर बसली होती.

तिने कागदावर लिहून दाखवलं होतं बरं का. "मला ऐकू येत नाही. माझा नंबर आला की हात करा." शिपायाने वाचलं, मान हलवली, कागद खिशात घातला आणि विसरला. पुढच्या महिन्यात दुसरा शिपाई, पुन्हा गैरहजर. तिसऱ्या महिन्यात ती अगदी दारालाच चिकटून बसली, शिपायाच्या तोंडाकडे टक लावून, आणि पठ्ठ्याने त्या दिवशी मान आत वळवून पुकारा केला. तीन महिने, तीन शिक्के. प्रत्येक महिन्याला डोळा थोडा थोडा आत चाललेला.

तिसऱ्या शिक्क्याच्या दिवशी मी ड्यूटी संपवून खाकीतच हॉस्पिटल गाठलं. आई खिडकीपाशी उभी होती, कागद मुठीत चुरगळलेला. मी खिडकीतल्या बाबूला विचारलं. तो म्हणाला, "पुकारा केला, कुणी उठलं नाही. आम्ही काय घरी जाऊन बोलवायचं?" मी आईला सांगितलं. तिचे हात असे सुटले की मागच्या रांगेतली माणसं दोन पावलं सरकली.

"याला सांग, मी इथेच होते, याच्या नाकासमोर. तीनदा आले आणि तीनदा यांनी मला नाहीशी केली. पुढची तारीख दे म्हणावं, पण आधी लिहून घे. मला हरकत आहे. सही करते मी."

मागे चाळीस माणसं. बाबूच्या हातात पेन. त्याच्या मनात आलं तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, मनात आलं तर आठवड्याने. मी हसले. ते हसू मला पाठ आहे. म्हटलं, "साहेब, आई म्हणते, तिची काही हरकत नाही, फक्त पुढची तारीख जरा लवकरची बघा ना."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं, वही माझ्यापुढे सरकवली, मी न वाचता सही ठोकली. बारा दिवसांनंतरची तारीख मिळाली. आईने विचारलं, "लिहून घेतलं?" मी म्हटलं, "घेतलं." खोटं कुठे होतं? घेतलंच होतं लिहून. मी स्वतःवर खूश होऊन बाहेर पडले, काय सांगू तुम्हाला.

बारा दिवसांनी मी बरोबर गेले. तपासण्या पार पडल्या. मग एक तरुण डॉक्टर आला आणि सगळं बोलणं माझ्याकडे तोंड करून. "आईंना सांगा, ऑपरेशन अर्ध्या तासाचं आहे. आईंना सांगा, घाबरू नका." आई समोर बसलेली, साठीची बाई, पन्नास माणसांची मापं तोंडपाठ असलेली, आणि हा तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतोय. मग नर्सने संमतीचा कागद माझ्यापुढे ठेवला. आईने तो ओढून घेतला, सहीच्या रेघेवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर.

नर्स म्हणाली, "ऐकू न येणाऱ्यांच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते."

"का?" आईने विचारलं. "कान माझे गेलेत. अक्कल कुणी नेली?"

मी म्हटलं, "आई म्हणते, तिला स्वतः सही करता येते."

त्यावरून बोलणं वाढलं आणि मोठ्या डॉक्टरांपर्यंत गेलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, उगाच खोटं कशाला बोला. ते म्हणाले, "हे पाहा, डोळ्यापुरतीच भूल देतो, पेशंट जागा असतो. तोंडावर कापड टाकलेलं. मध्येच सांगावं लागतं, हलू नका, खोकू नका. यांना मी कसं सांगणार? सुई डोळ्यात असताना मान हलली तर? पूर्ण भूल द्यायची आमच्याकडे सोय नाही. मोठ्या खाजगी हॉस्पिटलात बघा." आणि कागदावर लिहिलं, रद्द.

आईने ते वाचलं. बसमध्ये सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसली, डावीकडचं आता दिसत नाही म्हणून मान पूर्ण वळवून.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई आल्या. या आमच्या जुन्या गिऱ्हाईक, कोर्टात घालायचा झगा बारा वर्षं आईकडूनच शिवतात. खांद्याचं माप देता देता त्यांनी आईचा चेहरा बघितला आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी झगा तसाच अंगावर ठेवून, टाचण्या टोचत असताना, मापांची वही ओढली आणि आईसाठी मोठ्या अक्षरांत लिहायला बसल्या. तोंडाने मलाही सांगत होत्या. "अपंग माणसाला सरकारी सेवा नाकारता येत नाही. ती त्याच्यापर्यंत पोचावी म्हणून जी वाजवी सोय लागेल ती त्यांनी करायची. दुभाषी लागला तर तो त्यांनी आणायचा. नंबर दिसेल असा लावायचा. नाही केलं तर कायद्याने तो भेदभाव आहे, आणि त्याची तक्रार अपंगांसाठीच्या आयुक्तांकडे होते."

मी म्हटलं, "पण वकीलबाई, दुभाषी कशाला? मी आहे ना."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "तू आहेस म्हणून ते कधी आणत नाहीत."

मला ते असं लागलं की मी उठून उगाचच इस्त्रीवरची धूळ पुसायला गेले. आईने वहीत खाली लिहिलं, तिच्या तुटक, ठसठशीत अक्षरात: माझा डोळा. माझी सही. तक्रार करा.

त्या संध्याकाळी आमचं जुंपलं. मी म्हटलं, "अगं बाई, ज्यांच्या हातात उद्या तुझा डोळा द्यायचाय त्यांच्यावरच तक्रार? जरा नमतं घे. मी करते सही, काय बिघडतं? डोळा वाचणं महत्त्वाचं की तुझा ताठा?"

आई म्हणाली, "ताठा नाही तो. पाठीचा कणा आहे. तुला पण आहे, सापडत नसेल तर शोध." आणि डोळे मिटून घेतले.

डोळ्याचं प्रकरण म्हणून सुनावणी तीन आठवड्यांतच लागली. लांबट खोली, एका बाजूला आयुक्तबाई, चष्मा कपाळावर, हातात पेन्सिल. समोर टेबल. टेबलाच्या एका बाजूला हॉस्पिटलचे अधीक्षक फाइल घेऊन, शेजारी ते मोठे डॉक्टर. दुसऱ्या बाजूला आई आणि वकीलबाई. मी सवयीने आईच्या समोर जाऊन उभी राहिले, तिला हात दिसतील अशी. आईने मला बोटाने मागचा बाक दाखवला. माझ्या जागी आयुक्तबाईंनी बोलावलेली दुभाषी बसणार होती. साधा गडद अंगरखा घातलेली, चाळिशीची बाई. नजर एकदम शांत.

आयुक्तबाईंनी आईला विचारलं, सुरुवात करायची का? दुभाषी बाईंनी ते हातांनी सांगितलं. आईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हात हलवले. दुभाषी बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "या दुभाषी बाईंची बाही खांद्यात चुकलीय. कुणी शिवली?"

खोली हसली. मी मागच्या बाकावर तोंड लपवलं. मी असते तर म्हटलं असतं, आई सगळ्यांना नमस्कार सांगते.

पण मग मला जे जाणवलं त्याने हसू पळालं. ती बाई "आई म्हणते" म्हणत नव्हती, "त्या म्हणतात" म्हणत नव्हती. ती म्हणत होती, मी. "मी सकाळी सातला गेले. मी दारापाशी बसले. माझं नाव त्यांनी भिंतीला सांगितलं." जे आईच्या हातात ते तिच्या तोंडात, मीठ-मिरचीसकट. साठ वर्षांत आईचा आवाज पहिल्यांदाच त्या खोलीत ऐकू आला, आणि तो माझा नव्हता.

अधीक्षकांची पाळी आली. गोड माणूस. "आम्हाला पूर्ण सहानुभूती आहे. पण गैरहजेरीबद्दल या बाईंनी कधी तक्रारच केलेली नाही. उलट नोंद आहे आमच्याकडे." त्यांनी वही उघडली आणि वाचलं. "'रुग्ण गैरहजर. रुग्णाची हरकत नाही. पुढील तारीख दिली.' खाली मुलीची सही. मुलगी नेहमीच आमच्याशी अतिशय सौजन्याने वागलेली आहे."

दुभाषी बाईंचे हात चालूच होते. हरकत. नाही. मुलीची सही. मी बघत होते आणि मला ते हात थांबवता येत नव्हते.

आई वळली. डावीकडे दिसत नाही म्हणून पूर्ण मान वळवून तिने मला शोधलं. मी काय सांगू, रागावली असती तर मी सहन केलं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणीतरी आपलं माप चुकीचं घेतलंय आणि कापड कापूनही झालंय हे कळल्यावर तिचा जसा चेहरा होतो, तसा झाला. आणि तिने डोळे मिटून घेतले.

तिथे, सुनावणीच्या मधोमध. दुभाषी बाईंचे हात हवेत थांबले. आयुक्तबाईंनी विचारलं, काय झालं? वकीलबाईंनी आईच्या दंडाला हात लावला, आईने तो झटकला. अधीक्षक फाइल बंद करायला लागले. अर्धा डोळा शिल्लक असलेली माझी आई तो अर्धाही मिटून बसली होती आणि प्रकरण तिथेच संपत होतं. माझ्यामुळे.

मी उठले. चालत्या गाडीत चालते तशी बाक धरत धरत निघाले. टेबलापर्यंत गेले आणि फळीवर बोटांनी वाजवलं. टक, टक. दोनदा.

काही झालं नाही. मी पुन्हा वाजवलं. दोनदा, जरा जोरात, बाबा वाजवायचे तसं. चालू दे.

आईने डोळे उघडले.

मी तोंडाने आणि हातांनी एकदमच बोलले, दोन्हीकडे एकच. "मी खोटं सांगितलं. ती म्हणाली होती, मला हरकत आहे. लिहून घे म्हणाली होती. मी म्हटलं, हरकत नाही. मी घाबरले. मला वाटलं तारीख लवकर मिळेल. आजच नाही, सहा वर्षांची असल्यापासून मी हेच करतेय. तिच्या तोंडचं एक वाक्य मी कुणापर्यंत धड पोचू दिलेलं नाही. आणि का? कारण प्रत्येक खिडकीवर तुम्ही लोकांनी एका बहिऱ्या बाईचं म्हणणं ऐकायचं काम एका पोरीच्या गळ्यात घातलंत, आणि पोर गोड बोलते म्हणून खूश झालात! ही सही माझी आहे. हरकत तिची आहे. माझी खोडा आणि तिची लिहा!"

आयुक्तबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बाई," त्या आईला म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी खिडकीवर तुम्ही काय म्हणाला होता?"

आईने सांगितलं. आणि दुभाषी बाईंनी मोठ्याने सांगितलं. मला त्यातला शब्द न् शब्द आठवत होता, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. "मी इथेच होते, तुमच्या नाकासमोर. तीनदा आले आणि तीनदा तुम्ही मला नाहीशी केली. मला हरकत आहे. सही करते मी." मग आईने आणखी एक जोडलं. "मुलीला दोष देऊ नका. तिच्याकडे मी नंतर बघते."

मोठे डॉक्टर तेव्हा पहिल्यांदा बोलले. शिक्क्यांचं चुकलंच, म्हणाले. पण ऑपरेशनच्या वेळी तोंडावर कापड असताना सूचना कशी द्यायची, हा प्रश्न तसाच राहतो. दुभाषी आणला तरी यांना दिसणार कुठे? ते खरंच विचारत होते. टाळत नव्हते.

आईने त्यांचं बोलणं दुभाषी बाईंच्या हातांवरून पूर्ण वाचलं. मग पिशवीत हात घातला. तिच्या पिशवीत कात्री नाही असा दिवस मी बघितलेला नाही. दारावरच्या रखवालदाराने विचारलं होतं म्हणे, तर तिने मापाची टेप दाखवली होती. तिने नऊ इंची कात्री टेबलावर ठेवली, शेजारी कालचं वर्तमानपत्र. रुमालाची घडी घातली, डोळ्यांवर घट्ट बांधली. डावा तळहात टेबलावर पालथा टेकवला. त्याआधी मला एवढंच सांगितलं, "डॉक्टरला टेबल वाजवायला शिकव. एक आणि दोन. तीन नको, त्याला जेवायला नाही घालायचं."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आयुक्तबाईंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. डॉक्टरांनी बोटाने टेबल वाजवलं, टक, टक. आईने डाव्या हाताचं मनगट टेबलाला तसंच टेकवून बोटांत कागद धरला आणि उजव्या हाताची कात्री चालायला लागली. डोळे बांधलेले, कान जन्माचे बंद, आणि कात्री सरळ रेघेत करकर चाललेली. पात्याचं टोक तिच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर आलं आणि डॉक्टरांनी घाईघाईने एकदा वाजवलं. टक.

कात्री थांबली. तिथल्या तिथे. हात नाही, मान नाही, पापणीसुद्धा हलली नसेल. आम्ही वाट बघत राहिलो. डॉक्टरांनी मुद्दाम वेळ लावला, मिनिटभर तरी. ती दगडासारखी बसून राहिली. मग टक, टक. कात्री पुढे चालली.

रुमाल सोडून आई म्हणाली, आणि दुभाषी बाईंनी आवाज दिला, "चाळीस वर्षं माझ्या नवऱ्याने मला असंच सांगितलं. मला आवाज लागत नाही. एक बोट लागतं. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात एक बोट रिकामं नाही?"

निकाल त्याच आठवड्यात आला. दहा दिवसांच्या आत ऑपरेशन, दुभाषीसह, रुग्णाच्या स्वतःच्या सहीने. सगळ्या बाकांसमोर नंबर दिसेल असा फलक. तीनही 'गैरहजर' खोडून तिथे लिहायचं: रुग्ण हजर, पुकारा पोचला नाही. आणि वहीतल्या त्या ओळीतला 'नाही' काढून तिथे 'आहे'. ती दुरुस्ती बघायला आई स्वतः गेली. बाबूला खोडायला लावलं, शेजारी स्वतःची सही केली आणि त्याच्या अक्षराला नाक मुरडलं.

मधल्या दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. नंतर बघते म्हणाली होती, ते बघत होती. माझ्याच कर्माची फळं.

ऑपरेशनच्या दिवशी फलकावर लाल आकडा पेटला आणि आई शिपायाने तोंड उघडायच्या आत उठली. आत तिच्या हातावर बोट ठेवून दुभाषी बाई बसल्या होत्या. मी बाहेर. आयुष्यात पहिल्यांदा आईच्या कामाला येऊन मला काही काम नव्हतं. मी बाकाची पट्टी नखाने खरवडत बसले आणि रडले.

त्या रात्रभर तिच्या डोळ्यावर पट्टी होती. डावा असून नसल्यासारखा, म्हणजे तिच्यापुरता काळोखच. माझा हात तिच्या हाताखाली होता. तीनदा टकटक केलं की तोंड उघडायची, मी भरवायचे. एकदा तिने आपणहून माझ्या तळहातावर वाजवलं. एकच. थांब. मी उठून चालले होते, ते तिला कळलं होतं. मी बसून राहिले.

सकाळी पट्टी काढली. मोठ्या डॉक्टरांनी डोळा तपासला, दाब उतरलाय, उरलेली नजर जागेवर आहे म्हणाले. खूश दिसत होते. मग जुन्या सवयीने माझ्याकडे वळले. "आईंना सांगा, महिनाभर वाकायचं नाही. मशीनवर बसायचं नाही."

एकतीस वर्षांची सवय माझीही होती. हात आपोआप उठले होते. मी ते खाली घेतले, मांडीखाली दाबले.

"डॉक्टर," मी म्हटलं, "पेशंट समोर बसलाय. तिलाच सांगा."

डॉक्टर गडबडले. मग खुर्ची वळवून आईसमोर नीट बसले, तिच्याकडे बघून बोलले आणि दुभाषी बाईंनी हात चालवले. आईने ऐकून घेतलं. मान हलवली. दुभाषी बाईंनी तिचं उत्तर सांगितलं, "पंधरा दिवस."

"महिना," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही माझे तीन महिने वाया घालवलेत. त्यातलेच पंधरा दिवस कापून द्या."

डॉक्टर हसले आणि माझ्याकडे बघितलं, मदतीला ये अशा नजरेने. मी छताकडे बघत बसले. आईने ते बघितलं. मान पुरी वळवून माझ्यापुढे आली आणि विचारलं, "मघाशी काय म्हणालीस त्याला?"

मी सांगितलं. जसंच्या तसं, काही न गाळता.

आईने डॉक्टरांच्या टेबलावर हात पुढे केला आणि बोटांनी वाजवलं. टक, टक.